म्हापसा: कमर्शियल इमारतीच्या गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला ॲक्रिलिक, पीयू (पॉलियुरेथेन) की मेम्ब्रेन?

विचारणा: दुकानलाईन_म्हापसा

तळमजला अधिक दोन मजले, खाली दुकानं, वर ऑफिसं. गच्ची ३० बाय १४ मीटर, कडेने कठडा. स्लॅबवर वीटकोबा (विटांचे तुकडे सिमेंटात बसवून केलेला थर) आहे, अठरा वर्षांचा. चार कोपऱ्यांत १०० मिमीचे चार पाईप. पाऊस उघडल्यावरही दोन जागी तीन-तीन दिवस पाणी राहतं, खोलगट भागात २५ मिमीपर्यंत. त्याच्या बरोबर खाली दुसऱ्या मजल्याच्या छताला पोपडे सुटलेत. मागे १५० चौरस मीटरची गॅल्व्हल्यूम (जस्त-ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेल्या) पत्र्याची शेड आहे, तीही स्क्रूंपाशी गळते.

कोटेशनं तीन आली आहेत:
ॲक्रिलिक, दोन हात, २० लिटरच्या २० बादल्या, गॅरंटी १० वर्षं.
पीयू, २५ किलोच्या २५ बादल्या, १२ वर्षं.
टॉर्च मारून (ज्योतीने तापवून चिकटवायचं) ३ मिमी एपीपी मेम्ब्रेन, म्हणजे डांबरी शीट, ७ वर्षं.

गच्चीवर एसीची ११ आउटडोअर युनिटं विटांवर टेकवलेली आहेत आणि पुढच्या वर्षी सोलर बसवायचा विचार आहे. काय घ्यावं, आणि काम कधी काढावं?

उत्तर: गच्चीवाला_फोंडा

गॅरंटीची वर्षं बाजूला ठेवा आणि बादल्या मोजा. गच्ची ४२० चौरस मीटर, शिवाय कठड्यावर ३० सेंमी चढवायचं म्हणजे ८८ मीटर घेरात आणखी २६. एकूण ४४६ धरा.

पीयूचा सुका थर १.५ मिमी हवा. कंपनीच्या डेटाशीटवर घनभाग (सुकल्यावर उरणारा माल) ८५ टक्के आणि घनता १.४ असेल, तर चौरस मीटरला सुमारे अडीच किलो लागतं. ४४६ ला ११०० किलो, १० टक्के सांडलवंड धरून १२१०, म्हणजे ४९ बादल्या. तुम्हाला २५ दिल्यात. त्यात थर ०.८५ मिमी होईल, तोही एक थेंब वाया न घालवता. ॲक्रिलिकचं तर विचारूच नका: ४०० लिटर, त्यातलं निम्मं पाणी, उरतो ०.४५ मिमी. त्याला रंग म्हणतात.

ॲक्रिलिक वाईट नाही, पण ते उतारावरचं काम. साचलेल्या पाण्यात ते फुगतं, मऊ पडतं आणि पुढच्या उन्हात पापुद्र्यासारखं सुटतं. पाणी तीन दिवस राहत असेल, तर त्या गच्चीला ॲक्रिलिक बाद. पीयू पाण्याखाली टिकतं, पण ॲरोमॅटिक प्रकारचं असेल तर उन्हाने पिवळं पडून वर पावडर सुटते, म्हणून शेवटी ॲलिफॅटिक, म्हणजे उन्हाला टिकणाऱ्या प्रकारचा टॉपकोट मागा. कोटेशनमध्ये नुसतं 'पीयू' लिहिलंय का ते बघा.

मेम्ब्रेन मोकळ्या गच्चीवर उत्तम. तुमच्याकडे ११ युनिटांचे पाय, पाईप, पुढे सोलरचे खांब. प्रत्येक ठिकाणी कापून जोड द्यावा लागणार. एखादा जोड सुटला की पाणी खालून सरकत भलतीकडेच टपकतं आणि मूळ जागा सापडत नाही.

उत्तर: कुंडई_मेंटेनन्स

वरचा हिशेब बरोबर, पण त्याआधीचा प्रश्न कोब्याचा आहे. अठरा वर्षांच्या वीटकोब्यात विटांचे तुकडे स्पंजसारखे पाणी धरून बसतात. जिथे पाणी साचतं तिथे स्लॅबपर्यंत १०० मिमी व्यासाचं एक भोक काढून बघा. तुकडे ओले निघाले किंवा तळाशी पाणी जमलं, तर वरून कितीही भारी पीयू मारा. एप्रिलच्या उन्हात आतल्या पाण्याची वाफ होईल आणि पुरीसारखे फुगे येतील. तेवढा भाग फोडून स्लॅबवरच काम करा.

उतार नव्याने देताना जपून. पाणी एकाच बाजूला न्यायचं ठरवलं तर १४ मीटरला १:१०० म्हणजे दुसऱ्या टोकाला १४० मिमी जाडी. सरासरी ७० धरली तरी चौरस मीटरला दीडशे किलोंचा बोजा. स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय नाही. त्यापेक्षा खळगे पॉलिमर मॉर्टरने (पॉलिमर मिसळलेल्या सिमेंट-वाळूने) भरा आणि पाईप वाढवा. मुसळधार पावसाच्या भागात १०० मिमीचा एक पाईप साधारण ४० चौरस मीटरला धरतात. तुमचे चार पाईप ४२० ला पुरणारच नाहीत, जोराच्या पावसात पाणी तुंबणारच.

उत्तर: पत्रेवाला_वेर्णा

शेडबद्दल कोणी बोललं नाही, म्हणून. तिथे उतार आहे, तेव्हा ॲक्रिलिक चालेल, पीयूवर पैसे घालू नका. पण आधी स्क्रू. जुने वॉशर कडक होऊन चिरलेले असतील. नवे ईपीडीएम (रबरी) वॉशरचे स्क्रू घाला आणि भोक मोठं झालं असेल तर एक माप जाड स्क्रू. पत्र्यावर पत्रा चढतो तिथे ब्यूटिल टेप (चिकट रबरी पट्टी). गंज तारेच्या ब्रशने काढून झिंक फॉस्फेट प्रायमर, मग स्क्रूंची डोकी आणि जोड यांवर जाळी घालून एक हात, त्यानंतर पूर्ण पत्र्यावर दोन हात.

आणि एसीच्या ड्रेनचं पाणी शेडवर सोडलंय का? तांब्याच्या कॉइलवरून आलेलं पाणी गॅल्व्हल्यूमला खातं. पत्र्यावर एकाच रेघेत गंज दिसला, तर कारण तेच. पाईप सरळ गटारापर्यंत न्या.

दुकानलाईन_म्हापसा

ड्रेन शेडवरच आहे, आणि गंजाची रेघही आहे! कोब्यात भोक काढून बघतो. ओला भाग फोडला असं धरून पुढचा क्रम सांगाल का? आणि महिना?

उत्तर: गच्चीवाला_फोंडा

जानेवारी ते मार्च. ऑक्टोबरात पाऊस गेला तरी कोबा लगेच सुकत नाही, आणि मेपर्यंत थांबलात तर वळवाच्या सरी आणि मिळेल तो कामगार, दोन्ही गळ्यात पडतील. सुकलंय की नाही ते कळायला अर्धा मीटर चौकोनी प्लास्टिक चारही कडांनी टेपने चिकटवून १६ तास ठेवा. आतून घाम आला, तर थांबायचं.

सोलरचे आणि एसीचे सिमेंटचे चौथरे कोटिंगच्या आधी, १५० मिमी उंच. कोटिंग झाल्यावर कोणी अँकरचं भोक पाडलं की गॅरंटी संपली, आणि ती पोरं तुम्हाला न विचारता पाडतात. शेवाळ ब्लीचने मारून जेट वॉश करा. भेगा व्ही आकारात कापून पीयू सीलंट, कठड्याच्या सांध्यात ५० मिमीची वाटा (कोपरा भरून केलेली गोलाई), पाईपच्या तोंडात १०० मिमी आतपर्यंत कोटिंग उतरवा. गळती बहुतेक तिथूनच सुरू होते.

प्रायमर दुपारी तीननंतर. सकाळी स्लॅब तापत जातो, आतली हवा बाहेर येते आणि थराला टाचणीएवढी भोकं पडतात. उतरत्या उन्हात हवा आत ओढली जाते. पीयूचे हात मात्र सकाळी दहानंतर, दव पूर्ण सुकल्यावर. दोन हात, प्रत्येकी ०.९ मिमी ओला थर. वेट फिल्म गेज ही दातांची साधी पट्टी असते, ओल्या थरात उभी दाबायची आणि कोणत्या दातापर्यंत माल लागला ते बघायचं. दर दहा पावलांवर मोजा. दुसरा हात डेटाशीटच्या मुदतीत, नाहीतर थर थराला धरत नाही.

आठवड्याने पाईप बंद करून ४८ तास पाणी भरा आणि खालचं छत बघा.

उत्तर: कुंडई_मेंटेनन्स

त्यात एवढंच घाला: रिकाम्या बादल्या गच्चीवरून हलवू देऊ नका. ४९ मोजून झाल्या की शेवटचा हप्ता.

दुकानलाईन_म्हापसा

पीयूच्या कोटेशनवाल्याला ४९ बादल्यांचा हिशेब पाठवला. म्हणतो, 'मग रेट बदलेल.' देव बरें करूं सगळ्यांचं.