शब्दचर्चा: उंदराला 'मासिक पाळी' की 'माज'?

आशा ताई, दारव्हा
एका मराठी लेखात वाचलं, 'चांदीच्या नॅनोकणांमुळे मादी उंदरांची मासिक पाळी बिघडली, वंध्यत्व आले.' बचतगटात वाचून दाखवलं तर एकीनं विचारलं, "उंदरालेबी पाळी येते का वं ताई?" मला सांगता आलं नाही.

पशुधन पर्यवेक्षक, तिवसा
ताई, त्या बाईंनी नेमकं धरलं. उंदराला पाळी येत नाही. त्याचं चक्र 4-5 दिवसांचं, रक्तस्राव नाही. मग 'मासिक' कसलं? आपला शब्द आहे 'माज', म्हणजे मादी गाभण राहायला तयार असते तो काळ. गाय साधारण 21 दिवसांनी माजावर येते, सोट (चिकट स्राव) टाकते, हे तुमच्या गटातल्या प्रत्येकीला ठाऊक असेल. उंदराचा माज प्रयोगशाळेत काचपट्टीवर कळतो. योनीतला स्राव घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. केंद्रक नसलेल्या चपट्या पेशींचा थर दिसला की माज, पांढऱ्या पेशींची गर्दी दिसली की माज उतरलेला. नॅनोकणांच्या काही प्रयोगांत ही उतरलेली अवस्थाच लांबली. म्हणून 'माजाचं चक्र लांबलं' असं लिहावं. माणसाच्या बाबतीत 'माज' म्हणजे घमेंड, म्हणून लेखक बिचकत असतील. पण शब्द जुना आहे: संस्कृत माद्यति, प्राकृत मज्जइ, मराठी माजणे.

संत्रा बागायतदार, वरूड
भाऊ, नॅनो युरियाची बाटली मीबी फवारतो. मंग ढोरायले चारा टाकू का नाई?

पशुधन पर्यवेक्षक, तिवसा
काकाजी, 'नॅनो' हे फक्त माप. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ बुटका. युरिया धातू नाही. हे प्रयोग चांदी, टायटॅनियम डायऑक्साइड, झिंक ऑक्साइड अशांच्या 1 ते 100 नॅनोमीटरच्या कणांचे, आणि मात्रा वजनाप्रमाणे मोजून पाजलेली किंवा टोचलेली. ते निकाल तुमच्या बाटलीला लावता येत नाहीत.
'वंध्यत्व' मात्र मला फार खटकलं. अंडाशयात बीजाभोवती पेशींची पुटकं असतात. कणांमुळे पेशींना इजा करणारा ऑक्सिडीकरणाचा ताण वाढतो, त्या पेशी मरतात, पुटकं वाढण्याआधीच जिरतात. याला मी 'गळ' म्हणेन. तुमच्या आंबिया बहाराच्या फळांची थोडी गळ दरवर्षी होतेच, तशी पुटकांचीही होते. इथं ती वाढली. गळ वाढली म्हणून झाडाला कोणी वांझ म्हणत नाही.

आशा ताई, दारव्हा
'गळ' पटकन समजेल. 'अंडाशय' म्हटलं की बाया 'पिशवी' समजतात, त्याचं काय करू?

पशुधन पर्यवेक्षक, तिवसा
पिशवी म्हणजे गर्भाशय. 'पिशवीच्या दोन्ही अंगांना असते ती बीजाची गाठ' असं सांगा. पण 'गाठ' ऐकून कोणी घाबरलं, तर 'बीजकोश'च बरा.