पक्षी वाचवायला उलट डासच सोडतायत? हवाईचं हे काय प्रकरण आहे

टाचणी_चतुर:
हवाई बेटांवर हेलिकॉप्टरमधून डास सोडतायत, तेही पक्षी वाचवायला, असं वाचलं. पक्षी डासांमुळेच मरतायत ना? आपल्याकडे पालिका धूर मारते, गप्पी मासे सोडते, तसं का नाही करत? आणि डासच संपले तर ते खाऊन जगणाऱ्यांचं काय?

रानवारा:
सोडतात ते फक्त नर, आणि चावते ती मादी. या नरांमध्ये वोल्बाकिया नावाच्या बॅक्टेरियाचा वेगळा प्रकार असतो, त्यामुळे जंगलातल्या मादीशी जुळले तरी तिच्या अंड्यांतून अळ्या निघत नाहीत. पण हे दर आठवड्याला लाखोंनी सोडत राहावं लागतं. माउई बेटावर 2023 च्या शेवटी सुरू झालं, मग काउआई बेटावर, आता ड्रोनही आलेत.
धूर मारला तर पक्षी ज्यांच्यावर जगतात ते किडेही मरणार. आणि गप्पी तर नकोच, बाहेरून आणलेल्या अशा माशांनी तिथल्या मूळ टाचण्यांची (चतुरासारखे बारीक किडे) आधीच वाट लावलीय. शिवाय रानडुकरं मोठ्या नेच्यांची खोडं पोखरतात, त्यात पाणी साचून अळ्या होतात, तिथे मासे कुठे सोडणार?

डोंगरकडा:
डास संपले तर काय, याचं उत्तर म्हणजे तिथे मुळात डास नव्हतेच! 1826 च्या सुमारास जहाजावरच्या पाण्यातून आले. क्युलेक्सची तीच जात जी आपल्याकडे हत्तीपाय पसरवते. तिथल्या पक्ष्यांनी मलेरिया कधी बघितलाच नव्हता (हा पक्ष्यांचा मलेरिया, माणसाला होत नाही). ईवी नावाचा लालभडक पक्षी आहे, त्याला लागण झाली की बहुतेक वेळा मरतोच. या कुळाच्या 50 हून जास्त जाती होत्या, आता 17 च्या आसपास उरल्यात, त्यातल्या बऱ्याच उंच डोंगरावर थंडीत, जिथे डास टिकत नाहीत तिथे, आणि आता ऊन वाढतंय तसे डासही वर चढतायत.
2019 मध्ये माउईवर किवीकीऊ पक्षी हालेआकाला ज्वालामुखीच्या दुसऱ्या उतारावर नेऊन सोडले, त्यांच्यासाठी जंगल परत उभं केलं होतं, आणि काही आठवड्यांतच बहुतेक सगळे मलेरियाने गेले. फार वाईट वाटतं वाचून. म्हणून म्हणतो, आधी डास, मग बाकी सगळं.

टाचणी_चतुर:
आता समजलं. पण पक्ष्यांमध्येच प्रतिकारशक्ती नाही का येणार?

रानवारा:
आमाकिही नावाच्या जातीत काही ठिकाणी आलीय, खालच्या जंगलातही तग धरून आहेत. पण किवीकीऊ एका वेळी एकच अंडं घालतो आणि उरलेत दीडशेच्याही आत, त्यांच्याकडे तेवढा वेळ नाहीये.