चेर्वो सोडू नका

इटलीतल्या मिलान-सान रेमो या सायकल शर्यतीचे शेवटचे तीस किलोमीटर पाहिले की पुरे, असं काही जण म्हणतात. निकालापुरतं ते पटतं. चिप्रेसा आणि पोज्जो या चढांवरच खरी झुंज होते. पण तुर्किनो घाट उतरून शर्यत लिगुरियाच्या किनाऱ्याला लागली की डोळे उघडे ठेवून बघाच, अशी कळकळीची विनंती.

या किनाऱ्यावरच्या आलास्सिओ गावात नामवंतांच्या सह्यांच्या सिरॅमिक फरशा लावलेली भिंत आहे, हेमिंग्वेचीही सही तिथे आहे. फोटोपुरती ठीक. माझा जीव अडकतो तो पुढच्या चेर्वो गावात. खाली समुद्रालगतचा रस्ता, वर उतारावर घरांची दाटी आणि त्यातून उठून दिसणारं बरोक शैलीतलं सान जोव्हान्नी बातिस्ता चर्च. दर्शनी भिंत आत वळलेली, तिच्यावर गिलाव्याचं नाजूक नक्षीकाम. बांधकाम १६८६ साली सुरू झालं. कॉर्सिका-सार्डिनियाकडच्या समुद्रातून पोवळी काढणाऱ्या गावातल्या कोळ्यांनी आपल्या कमाईतून त्याला हातभार लावला, म्हणून ते पोवळेवाल्यांचं चर्च म्हणून ओळखलं जातं. राजाच्या नव्हे, दर्यावर जाणाऱ्यांच्या पैशातून उभं राहिलेलं हे वैभव मला फार मोलाचं वाटतं. १९६४ साली व्हायोलिनवादक शांदोर व्हेग यांनी चर्चसमोरच्या चौकात उन्हाळी संगीत महोत्सव सुरू केला, तो आजही भरतो.

सान रेमोत आल्फ्रेड नोबेल यांचं घर आहे. १८९६ साली त्यांचं निधन तिथेच झालं.

स्वतः सायकल चालवायची असेल तर सान लोरेन्झो ते ओस्पेदालेत्ती हा २४ किलोमीटरचा सायकलमार्ग घ्या. जुन्या रेल्वेमार्गावरचा असल्याने चढ जवळपास नाहीच, लहान मुलांनाही जमेल.