मदत हवी आहे: रँकिंग कोसळलं, जुने लेख खरंच उडवावेत का?

निळीशाई:
नमस्कार मंडळी. शाईच्या पेनांवर माहिती देणारी एक साइट मी चालवते. निब कशी साफ करायची, पेन गळत असेल तर काय बघायचं, कुठल्या कागदावर शाई फुटते, असले लेख. वाचक जवळजवळ सगळे सर्चमधून येतात. गूगलचा मागचा कोअर अपडेट (निकालांचा क्रम लावण्याच्या पद्धतीतला मोठा बदल) सुरू झाला आणि क्लिक्सचा आलेख जो खाली आला, तो अजून मान वर काढायला तयार नाही.

नेहमीची तपासणी झाली आहे. सर्च कन्सोलमध्ये (साइटमालकांसाठीचं गूगलचं टूल) मॅन्युअल अ‍ॅक्शन, म्हणजे गूगलच्या माणसांनी केलेली कारवाई, नाही, सुरक्षेची तक्रार नाही. नोइंडेक्स (पान निकालांत दाखवू नका ही खूण) चुकून कुठे लागलेलं नाही, रोबॉट्स फाइल (गूगलच्या बॉटने कुठली पानं बघायची ते सांगणारी) जशीच्या तशी आहे, पानं इंडेक्समध्ये, म्हणजे गूगलच्या नोंदीत, आहेत. थीम आणि होस्टिंग जुनंच.

कोड्यात टाकणारी गोष्ट अशी: 'निब कशी साफ करावी' या क्वेरीला (शोधाला) सरासरी पोझिशन, म्हणजे निकालांतला क्रमांक, आधीही 3 होती, आताही 3 आहे, इंप्रेशन्सही (निकालांत पान किती वेळा दिसलं ते) तेवढेच, तरी क्लिक्स निम्म्यावर. उलट 'रोजच्या लिखाणाला कुठली शाई चांगली' हे तुलनेचं पान 4 वरून थेट 26 वर.

एका एजन्सीला दाखवलं, तासाभरात रिपोर्ट आला. त्यांचा सल्ला: टॉक्सिक बॅकलिंक्स (दुसऱ्या साइटींवरून आपल्याकडे येणाऱ्या घातक लिंका) डिसअवाव करा, म्हणजे त्या मोजू नका असं गूगलला कळवा, दोन वर्षांपेक्षा जुने लेख काढून टाका, उरलेल्यांच्या तारखा नव्या करा. हे करावं का? जुन्या लेखांवर जीव आहे म्हणून विचारते आहे असंही समजा.

उंबरठा:
ताई, आधी हात आवरा. अपडेट पूर्ण झाला आहे का ते बघा. गूगलच्या सर्च स्टेटस डॅशबोर्डवर प्रत्येक अपडेट कधी सुरू झाला, कधी संपला ते असतं. मार्च 2024 चा कोअर अपडेट 5 मार्चला सुरू होऊन 19 एप्रिलला संपला, म्हणजे तब्बल 45 दिवस. मधल्या काळातले आकडे बघून निर्णय घेण्यात काही अर्थ नसतो. गूगलचं स्वतःचं म्हणणं आहे की अपडेट संपल्यावर निदान एक आठवडा जाऊ द्या आणि मग तो आठवडा अपडेट सुरू होण्याआधीच्या आठवड्याशी ताडून बघा.

शिवाय गेल्या वर्षीचा हाच काळही बघा. शाळा-परीक्षांच्या हंगामात पेनाबद्दलचे शोध वाढत-घटत असणारच. सर्च कन्सोल फक्त 16 महिन्यांचा डेटा ठेवतं, तेव्हा आजच एक्स्पोर्ट करून ठेवा.

टाकटीप:
उंबरठा यांच्याशी सहमत, पण मुद्दा त्याच्याही आधी सुरू होतो. ताईंकडे एक घसरण नाही, दोन आहेत, आणि त्यांचा एकमेकींशी संबंध असेलच असं नाही.

पोझिशन तीच, इंप्रेशन्स तेवढेच आणि क्लिक्स कमी, याचा अर्थ तुमचं पान वाईट ठरलेलं नाही. निकालाचं पानच बदललं आहे. मोबाइलवर इनकॉग्निटोमध्ये (ब्राउझरच्या खाजगी खिडकीत) ती क्वेरी टाकून बघा. वर एआयने लिहिलेला सारांश असेल किंवा व्हिडिओंची रांग असेल. निब कोमट पाण्यात भिजवा, हे तिथेच वाचून झालं की माणूस खाली कशाला येईल? आणि 'सरासरी 3' या आकड्यावर फार विसंबू नका. एआय सारांशातल्या सगळ्या लिंकांना गूगल एकच पोझिशन देतं, त्यामुळे रिपोर्टमधला 3 म्हणजे पडद्यावरची तिसरी लिंक असं नाही.

(जाता जाता: कोणाचे इंप्रेशन्स सप्टेंबर 2025 मध्ये एकदम पडलेले दिसत असतील तर दचकू नका. एका पानावर 100 निकाल दाखवायची सोय तेव्हा बंद झाली आणि रँक मोजणाऱ्या टूल्समुळे फुगलेले आकडे खाली आले.)

तुलनेच्या पानाचं मात्र वेगळं. 2 वरून 4 वर आलात तर काही करू नका, पण 4 वरून 29 वगैरे झालं तर साइटकडे नीट बघा, असं गूगलच्या मदतपानावरच लिहिलं आहे. तुमचं उदाहरण या दुसऱ्या प्रकारात बसतं. तुलना किंवा परीक्षणाच्या पानावर लिहिणाऱ्याने वस्तू स्वतः वापरल्याचा पुरावा दिसावा लागतो: स्वतःचे फोटो, मोजमाप, काय आवडलं नाही ते. तुमच्या पानावर हे दिसतं का?

जुनाखातेदार:
एजन्सीच्या रिपोर्टबद्दल थोडं. डिसअवाव टूल ऑक्टोबर 2012 चं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये पेंग्विन अपडेटने विकतच्या लिंका घेणाऱ्यांना झोपवलं होतं, आणि त्या लिंका झटकायला काहीतरी हवं होतं. सप्टेंबर 2016 पासून पेंग्विन मुख्य अल्गोरिदमचाच भाग आहे आणि फालतू लिंकांकडे तो बहुतेक दुर्लक्ष करतो. लिंका विकत घेतल्या असतील आणि त्यावरून मॅन्युअल अ‍ॅक्शन आली असेल किंवा येण्यासारखी असेल, तरच ते टूल वापरायचं. 'टॉक्सिक' हा शिक्का टूल विकणाऱ्यांचा; सर्च कन्सोलमध्ये तो शोधून सापडणार नाही.

जुने लेख काढणं आणि तारखा बदलणं, दोन्ही गोष्टी गूगलच्या मदतपानावरच्या प्रश्नावलीत आहेत, पण 'असं करताय का?' या धोक्याच्या यादीत. साइट ताजी दिसावी म्हणून जुना मजकूर काढल्याने रँकिंग सुधारत नाही, हे तिथे चक्क कंसात लिहिलं आहे. एवढं वाचायलाही ज्या एजन्सीला वेळ नाही, तिला पैसे देऊ नका. तासाभरात आलेला रिपोर्ट बहुधा टूलनेच छापलेला असतो.

निळीशाई:
सर्वांचे आभार. मोबाइलवर बघितलं. निबच्या क्वेरीला खरंच वर सारांश आहे, आणि त्यातली अर्धी वाक्यं ओळखीची वाटली! ते पान आता आहे तसंच ठेवते.

शाया मी सगळ्या वापरलेल्या आहेत. एकाच पेनाने, एकाच वहीत ओढलेल्या रेघा, पाण्याचा थेंब टाकून काढलेले फोटो, सगळं आहे. पण ते गॅलरीच्या पानावर. तुलनेच्या पानावर नुसता तक्ता. शिवाय 'लवकर वाळणारी शाई' आणि 'डावखुऱ्यांसाठी शाई' अशी आणखी दोन पानं जवळपास तेच सांगतात. एकत्र करावीत का?

टाकटीप:
फोटो तक्त्याशेजारी आणा, हे पहिलं काम. एकत्र करण्याआधी तिन्ही पानांच्या क्वेऱ्या वेगवेगळ्या काढून बघा. डावखुऱ्यांचं पान स्वतःच्या क्वेऱ्यांवर टिकून असेल तर त्याला हात लावू नका. हात शाईवरून फिरतो ही त्यांची अडचण वेगळीच आहे. वाळणाऱ्या शाईचं पान मात्र तुलनेत मिसळलं तरी चालेल. ज्या पत्त्यावर बाहेरच्या लिंका जास्त, तो ठेवा, दुसऱ्यावरून 301 रीडायरेक्ट (जुन्या पत्त्यावर येणाऱ्याला कायमचं नव्याकडे वळवणं) द्या आणि तो रीडायरेक्ट निदान वर्षभर काढू नका.

उंबरठा:
आणि कुठल्या तारखेला काय बदललं ते लिहून ठेवा. काही बदलांचा परिणाम दिवसांत दिसतो, काहींना महिने लागतात, कधी पुढच्या कोअर अपडेटपर्यंत थांबावं लागतं, आणि मग आपण काय केलं होतं तेच आठवत नाही.

निळीशाई:
एक्स्पोर्ट झालं. आधी तुलनेचं पान घेते. पुढचा अपडेट संपला की आकडे इथेच टाकते.