मदत हवी आहे: डिस्लेक्सिया आणि डिस्प्रॅक्सिया दोन्ही, आधी काय सुरू करावं?

नमस्कार मंडळी. मुलगा चौथीत, मराठी माध्यम, आम्ही नाशिकला. पाढे, गोष्टी, क्रिकेटचे स्कोअर तोंडी सगळं फाडफाड. पण वाचायला बसला की 'प्र' आणि 'र्प'मध्ये अडकतो, वेलांटी कुठल्या बाजूला हे दर वेळी नव्याने शोधतो. शर्टाची बटणं खालीवर लागतात, बुटाची नाडी जमत नाही, रेघ मारताना पट्टी सरकते. तपासणीत डिस्लेक्सिया (वाचन-लेखनातली अडचण) आणि डिस्प्रॅक्सिया (हालचालींचा ताळमेळ न जमणं) दोन्ही निघालं. बुद्ध्यांक चांगला आहे. (आजी म्हणते, नुसता आळस. असो.)

जास्त काळजी याची की हल्ली वर्गात वाचायची पाळी आली की त्याचं पोट दुखतं, आणि मैदानावरही कुणी संघात घेत नाही.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात दोन्हींचा उल्लेख आहे, तरी परीक्षेत जादा वेळ मागितला की शाळा म्हणते, 'दहावीत बघू'. कुणी शाळेला लेखी अर्ज देऊन हे मिळवलंय का? ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामं जमावीत म्हणून हालचालींचा सराव) आणि रेमेडियल शिक्षण (वाचन-लेखनाची खास शिकवणी) एकदम सुरू केलं तर मूल फार दमतं का? मराठीतून रेमेडियल शिकवणारं कुणी माहीत असेल तर सांगा, ऑनलाइनही चालेल. सुंदर हस्ताक्षराचे क्लास मात्र सुचवू नका, ते करून झालेत.