मदत हवी आहे: टेक्सासमधील सरकारी शाळेत बायबलवरील पाठ, सूट मागावी की शिक्षिकेशी बोलावे?

नमस्कार. आम्ही डॅलसजवळ राहतो आणि आमचा मुलगा इथल्या सरकारी शाळेत पाचवीत आहे. राज्य शिक्षण मंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये ८ विरुद्ध ७ मतांनी मंजूर केलेला, बायबलवरील पाठ असलेला 'ब्लूबॉनेट' अभ्यासक्रम आमच्या शाळेने स्वीकारला आहे. तो ऐच्छिक आहे. मात्र स्वीकारणाऱ्यांना दर विद्यार्थ्यामागे ६० डॉलरपर्यंत जादा निधी मिळतो, तेव्हा ऐच्छिक म्हणजे किती ऐच्छिक, हे ज्याचे त्याने ठरवावे.

पाचवीच्या भाषा विषयात लिओनार्दो दा विंचीच्या 'शेवटचे भोजन' या चित्रावर पाठ आहे आणि त्याला जोडून बायबलमधील मत्तयच्या शुभवर्तमानातील प्रसंग येतो: शिष्यांसोबत जेवताना येशू सांगतो की तुमच्यापैकी एक जण माझा विश्वासघात करील. त्याला माझा आक्षेप नाही. तो प्रसंग ठाऊक नसेल, तर चित्रातील शिष्य एवढे का दचकले आहेत हे मुलांना कळणार तरी कसे? मी स्वतः नाशिकला मिशनच्या शाळेत शिकलो आहे, त्यामुळे येशूच्या गोष्टी मला परक्या नाहीत. पण ती शाळा मिशनची होती आणि ते सर्वांना माहीत होते.

अडचण वहीत सापडली. मुलाने उत्तरात लिहिले होते, "येशूने आपल्या सर्वांच्या पापांसाठी प्राण दिले", आणि शेजारी बरोबरची खूण होती. (वाक्य अर्थातच इंग्रजीत होते.) "आपल्या म्हणजे कोणाच्या?" असे विचारल्यावर तो म्हणाला, "सगळ्यांच्या. टीचरनी तसंच सांगितलं." या वाक्याआधी 'ख्रिस्ती लोकांची अशी श्रद्धा आहे की' एवढे शब्द असते, तर मी हा धागा काढलाच नसता.

१९६३ च्या अ‍ॅबिंग्टन विरुद्ध शेम्प खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळेतील रोजचे बायबलवाचन घटनाबाह्य ठरवले, परंतु साहित्य आणि इतिहास म्हणून बायबलचा तटस्थ अभ्यास करण्यास मोकळीक ठेवली. टेक्सासच्या शिक्षण संहितेतील कलम २६.०१० नुसार, आपल्या धार्मिक वा नैतिक श्रद्धेशी विसंगत असलेल्या तासाला मुलाला तात्पुरते न बसवण्याचा अधिकार पालकाला आहे. त्यासाठी शिक्षकांना लेखी कळवावे लागते. मात्र परीक्षा टाळण्यासाठी हा अधिकार वापरता येत नाही. म्हणजे तो एकटा ग्रंथालयात बसणार आणि त्याच पाठावर चाचणी असली तर तीही देणार. दहा वर्षांच्या मुलाला असे वेगळे काढणे मला पटत नाही.

म्हणून सूट न मागता, उत्तरांत श्रद्धा आणि वस्तुस्थिती वेगळ्या मांडल्या जाव्यात, एवढीच विनंती शिक्षिकेला करावी असे वाटते. असे पत्र कोणी लिहिले असल्यास मजकूर कसा ठेवला होता? ते आधी शिक्षिकेला द्यावे की थेट मुख्याध्यापकांना? कलमाचा उल्लेख पहिल्याच पत्रात केल्यास शिक्षिका दुखावतील का? एरवी त्या अत्यंत मायेने शिकवतात. ज्यांनी सूट घेतली, त्यांच्या मुलांना वर्गात नंतर काही त्रास झाला का, हेही कृपया कळवावे. गुरुवारी पालकभेट आहे.