टॉपर लावलेल्या पिकअपमध्ये कुत्रा: धुराचंही बघा
पिकअपच्या मागच्या हौद्यात कुत्र्याला नेताना काय काळजी घ्यावी, यात गादी आणि पाण्याबद्दल बरंच बोललं जातं, पण टॉपर (हौद्यावर बसवलेलं खिडक्यांचं बंद छत) लावलेल्या पिकअपमध्ये मला जास्त धास्ती वाटते ती धुराची. हवा यावी म्हणून नुसती मागची काच उघडी ठेवू नका. गाडी पळताना मागे हवेचा दाब कमी होतो आणि सायलेन्सरचा धूर तिथूनच आत ओढला जातो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. बाजूच्या जाळीच्या खिडक्या उघडा, टेलगेटच्या (हौद्याच्या मागच्या, खाली उघडणाऱ्या फळीच्या) फटीला रबरी पट्टी लावा. पिंजरा हुकांना घट्ट बांधलेलाच हवा. इथे ॲरिझोनात पत्रा खालूनही तापतो, म्हणून आम्ही जाड रबरी मॅटवर घोंगडी घालतो आणि थांबलो की आधी मॅटखाली हात घालून बघतो. कुत्रा सारखा धापा टाकत असेल, तर सरळ पुढे एसीत घ्या.